इंटरव्ह्यू होऊन चोवीस दिवस झाले, कंपनी गप्प आहे, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहात, तळेगावच्या दुसऱ्या कंपनीत तीन राउंड झाले, शेवटच्या राउंडला प्लांट हेडनी स्वतः शॉप फ्लोअर फिरवून दाखवला, एचआरनी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागून घेतल्या, ‘दोन-तीन दिवसात कळवतो’ म्हणाले आणि त्याला आज २४ दिवस झाले. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॅपवर निळ्या टिका दिसतात पण उत्तर नाही, घरी आई रोज संध्याकाळी विचारते आणि तिला काय सांगायचं ते कळत नाही. तुम्ही विचारलंय की माझं काय चुकलं, परत परत फोन करू का, कंपनीनी कळवायलाच हवं असा काही कायदा आहे का, आणि इथला राजीनामा आधीच टाकून ठेवू का, म्हणजे ‘लगेच जॉइन होतो’ असं सांगता येईल.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण त्यात नुकसान सगळ्यात मोठं आहे. राजीनामा अजिबात टाकू नका. पगाराचा आकडा आणि जॉइनिंगची तारीख लिहिलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत कुणी कितीही गोड बोललं तरी तिकडून काहीही नक्की नाही असंच धरून चाला. सॅलरी स्लिपा मागितल्या म्हणजे सिलेक्शन झालं असं नसतं, त्या आम्ही शेवटच्या दोघा-तिघांच्या एकदमच मागवतो, कारण वरच्या साहेबांकडे प्रत्येकाचा आत्ताचा पगार आणि अपेक्षा असा तक्ता एकत्र न्यावा लागतो.

मी २००१ पासून या भरतीच्या कामात आहे. सुरुवात भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात पर्सोनेलला झाली (तेव्हा एचआर हा शब्द आमच्याकडे आला नव्हता), मग बारा वर्षं हिंजवडीत आयटीत काढली, आणि आता चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी माणसं शोधून देते. म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला मीच बसलेली असते, त्यामुळे तिकडे नेमकं काय चाललेलं असतं ते सांगते. ते कळलं की ‘माझं काय चुकलं’ हा प्रश्न बराचसा सुटतो.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे नोटीस पिरियड. आपल्याकडे आयटीत ९० दिवस सर्रास आहेत, मॅन्युफॅक्चरिंगमध्येही ६० दिवस खूप ठिकाणी असतात. समजा तुमच्या इंटरव्ह्यूत तिघं शेवटपर्यंत आले, एकाला ऑफर दिली, त्यानी हो म्हटलं. आता तो परत जाऊन राजीनामा देणार, त्याची कंपनी पगार वाढवून त्याला थांबवायला बघणार, शिवाय दोन महिने हातात आहेत म्हटल्यावर तो ती ऑफर दाखवून तिसरीकडून आणखी जास्तीची आणणार. जॉइनिंगच्या आदल्या रात्री ‘मॅडम फॅमिली प्रॉब्लेम आहे’ असा मेसेज टाकून फोन बंद करणारे मी किती बघितलेत त्याची गणतीच नाही. त्यामुळे तो माणूस प्रत्यक्ष येऊन जॉइनिंगचे फॉर्म भरेपर्यंत जागा भरली असं कुठलाच एचआरवाला मानत नाही. आणि म्हणून दुसऱ्या नंबरच्या कँडिडेटच्या नावापुढे शीटवर ‘होल्ड’ लिहिलेलं असतं. त्याला नाही सांगितलं तर तो दुसरीकडे जाईल, हो सांगितलं तर ते खोटं ठरेल, मग काहीच सांगायचं नाही असा सोयीचा रस्ता काढला जातो. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे प्लांट हेडनी फ्लोअर दाखवला, स्लिपा घेतल्या आणि मग एकदम शांतता, मला तरी तुम्ही त्या होल्डच्या रकान्यात बसलेले दिसताय. हा माझा अंदाज, पण हे नाकारल्याचं लक्षण नाही. नाकारायचं असतं तर प्लांट हेड अर्धा तास फ्लोअरवर घालवत नाही.

दुसरं कारण मंजुरीचं. जागा भरायला मॅनपॉवर रिक्विझिशन म्हणून एक फॉर्म असतो, त्यावर खात्याचा हेड, फायनान्स, एचआर अशा सह्या लागतात. नवीन मॉडेलसाठी माणसं घ्यायची असतात आणि मोठ्या गाडीवाल्या कंपनीनी प्रॉडक्शन सुरू करायची तारीखच चार महिने पुढे ढकलली की खालच्या सगळ्या व्हेंडरकडची भरती जागच्या जागी थांबते. इंटरव्ह्यू घेणाऱ्यालाही ते दोन आठवडे माहीत नसतं. मार्च जवळ आला की बजेटमुळेही हेच होतं. आणि कधी कधी आतल्याच माणसाला ती जागा द्यायचं ठरतं.

मध्ये कन्सल्टंट, म्हणजे कंपनीला माणसं शोधून देणारा एजंट असला तर आणखी वेगळी गंमत, गंमत कसली, खरंतर त्रासच. कन्सल्टंटला फी साधारण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी, आणि तीही माणूस जॉइन झाला तरच. तुमचं होत नाहीये असं कळलं की त्याच्या दृष्टीनी तुमचा फोन म्हणजे बिनपगारी काम. मी स्वतः आता कन्सल्टंट आहे, मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आमच्या धंद्यात हे असंच चालतं.

पण ही सगळी कारणं खरी असली तरी त्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. नाही सांगणं हे कंपनीत कुणाचंच काम नाहीये. रिक्रूटरला महिन्याच्या शेवटी विचारतात किती जागा भरल्या आणि किती दिवसात भरल्या. किती जणांना वेळेत ‘नाही’ कळवलं हे माझ्या २४-२५ वर्षांत एका मीटिंगला एकाही साहेबांनी मला विचारलेलं नाही. ज्या कामाचा हिशोब कुणी मागत नाही ते काम मागे पडतं, आणि इथे मागे पडतो तो एक जिवंत माणूस असतो, जो फोन सायलेंटवर टाकायला घाबरतो.

तुमच्या क्वालिटीतलंच उदाहरण घ्या. गिऱ्हाईक कंपनीकडून एक रिजेक्शन आलं तर तुम्ही काय करता? पहिल्या २४ तासात कंटेनमेंट, म्हणजे खराब माल कसा अडवला ते कळवता, मग ८डी, म्हणजे दोष निस्तरायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट उघडता, व्हाय-व्हाय, म्हणजे ‘का’ विचारत मुळापर्यंत जाणं, ते करता, कोण जबाबदार आणि कधीपर्यंत ते रकान्यात लिहिता आणि ते क्लोज होईपर्यंत एसक्यूए, म्हणजे पुरवठादारांची क्वालिटी बघणारा त्यांचा माणूस, तुमचा पिच्छा सोडत नाही. एका पार्टला बर (कडेला राहिलेली धातूची खरखरीत धार) आली तर एवढी यंत्रणा हलते. त्याच कंपनीत तीन राउंड देऊन गेलेला, तीनदा खोटी-खरी कारणं सांगून रजा काढलेला माणूस २४ दिवस वाट बघतोय आणि त्याचा रकानाच कुठल्या शीटवर नाही. परचेसवालेसुद्धा कोटेशन नाकारलेल्या व्हेंडरला निदान ‘या वेळी रेट जमला नाही’ म्हणून फोन करतात, कारण पुढच्या वेळी त्याची गरज लागणार हे त्यांना कळतं.

भोसरीला असताना आमच्याकडे हे काम होतं. तिथल्या पर्सोनेलच्या साहेबांचा नियमच होता की इंटरव्ह्यूला येऊन गेलेल्या प्रत्येकाला आठ दिवसात रिग्रेट लेटर गेलं पाहिजे. टाईप केलेलं चार ओळींचं पत्र, खाली साहेबांची पेननी केलेली सही, आणि मी ती पाकिटं घेऊन पोस्टात यूपीसी करून यायचे, म्हणजे पत्र टाकल्याचा शिक्का मारलेला कागद मिळायचा आणि तो फाईलला लागायचा. (पोस्टानी यूपीसी २०११ मध्ये बंदच केलं.) मला तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं, नाही म्हणण्यासाठी एवढा खटाटोप कशाला. मग एकदा एक मुलगा दोन वर्षांनी परत इंटरव्ह्यूला आला, सांगलीकडचा होता, डिप्लोमा केलेला, आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये मार्कशीटच्या मागे आमचं जुनं रिग्रेट लेटर नीट घडी करून ठेवलेलं. मी विचारलं हे कशाला जपलं, तर म्हणाला, ‘मॅडम, सात ठिकाणी गेलतो, लिहून उत्तर तुमचंच आलं, म्हणून परत इकडं आलो.’ या वेळी तो लागला आणि पुढे तिथे लाईन सुपरवायझर झाला.

आणि आता माझीच चूक सांगते. २०११ चीच गोष्ट, तेव्हा मी आयटीत होते. एक टेस्टिंगचा मुलगा होता, लग्न ठरलेलं, पुण्यातच राहायचं होतं त्याला. सगळे राउंड उत्तम झाले. त्यानी मला फोन करून स्पष्ट विचारलं, की मॅडम बंगलोरची एक ऑफर हातात आहे, शुक्रवारपर्यंत सांगायचंय, तुमच्याकडचं काय? आणि मी म्हणाले, ‘जवळजवळ फायनल आहे, फक्त एक अप्रूव्हल बाकी.’ ते तेव्हा खरंही होतं. त्यानी बंगलोरला नाही कळवलं. दहा दिवसांनी आमचा क्लायंट प्रोजेक्टमधून मागे हटला आणि सगळी भरती थांबवली गेली, आणि मी, आता त्याला काय तोंडानी सांगायचं म्हणून, त्याचे फोन उचलायचे बंद केले. एक दिवस, दोन दिवस, मग आठवडा. जितके दिवस जातात तितकं अवघड होत जातं हे ज्यानी केलंय त्यालाच कळेल. पाचव्या आठवड्यात तो ऑफिसच्या गेटवर येऊन बसला. सिक्युरिटीनी फोन केला म्हणून मी खाली गेले. तो भांडला नाही, ओरडला नाही, एवढंच म्हणाला की मॅडम, नाही म्हणाला असतात तर मी त्यांना परत फोन केला असता, ती जागा दोन आठवडे मोकळी होती. मी त्याच्यासमोर उभी होते आणि माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. त्याला नंतर दुसरीकडे नोकरी मिळाली, मीच दोन-तीन ठिकाणी त्याचा सीव्ही पाठवला, पण लग्नाच्या वेळी त्याच्या हातात नोकरी नव्हती आणि ते माझ्या न उचललेल्या फोनमुळे होतं. तेव्हापासून मी ‘जवळजवळ फायनल’ हे शब्द वापरत नाही, आणि इंटरव्ह्यू झालेल्या माणसाला शुक्रवार संध्याकाळच्या आत काहीतरी सांगितल्याशिवाय घरी जात नाही, मग ते ‘अजून काही ठरलं नाहीये’ एवढंच का असेना.

कंपन्यांमधले लोक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. हजार अर्ज येतात, सगळ्यांना कसं उत्तर देणार, हे मला नेहमी ऐकवतात. हजारांना नका देऊ. ज्यानी नोकरीच्या साइटवर नुसतं बटण दाबलं त्याला सिस्टिममधून आपोआप जाणारी एक ओळ पुरे, आणि आजकालच्या प्रत्येक भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, फक्त कुणीतरी एकदा बसून ती चालू करायची असते. पण समोर बसवून ज्याचा तासभर घेतला अशी माणसं एका जागेला किती असतात? पाच, सात, फार तर दहा. त्यांना मेल करायला अर्धा तास लागत नाही. शेवटच्या राउंडपर्यंत आलेल्याला मेलही नको, फोनच करा. आणि घरून करायला असाइनमेंट देऊन ज्याचा अख्खा रविवार घेतला त्याला तर त्याच्या कामात काय बरं होतं आणि काय कमी पडलं याची दोन वाक्यं सांगणं हे देणंच लागतं.

फोनवर काय बोलायचं हा प्रश्न मला नवीन मुली विचारतात. मी त्यांना सांगते की हवापाण्याच्या गप्पा करू नका, पहिल्या वाक्यातच सांगा. ‘नमस्कार, अमुक कंपनीतून बोलतेय, परवाच्या इंटरव्ह्यूबद्दल फोन केलाय, या वेळी आपलं सिलेक्शन झालेलं नाही.’ मग थांबायचं. समोरून दोन-तीन सेकंद शांतता येते, ती भरायला जाऊ नका. मग तो जवळजवळ नेहमी ‘ठीक आहे मॅडम, कारण सांगाल का’ असं विचारतो, आणि कारण असं सांगायचं की ज्याचं तो काहीतरी करू शकेल. ‘तुम्हाला सीएमएमवर प्रोग्रॅमिंगचा हात नाही, नुसतं ऑपरेट करता, आम्हाला प्रोग्रॅमिंग येणारा हवा होता’, हे कारण झालं (सीएमएम म्हणजे पार्टची मापं अचूक मोजणारं मशीन). ‘कल्चर फिट नाही’ हे कारण नाही, त्यातून माणूस रात्रभर स्वतःलाच दोष देत बसतो. कारण सांगितलं तर वाद घालतात म्हणून सांगत नाही असंही म्हणतात. घालतात ना, वीसातला एखादा घालतो, त्याला ‘निर्णय झालेला आहे’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा, पण त्याच्यासाठी बाकीच्या एकोणीस जणांना अंधारात ठेवायचं का?

आणि होल्डवरच्या माणसाला सरळ सांगा की तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात, पहिल्याला ऑफर दिलीय, तो आला नाही तर तुम्हाला फोन करू, पण तुम्ही आमच्यासाठी थांबू नका. माझा अनुभव असा की हे ऐकून लोक चिडत नाहीत. उलट पहिला गळाला आणि परत फोन केला, तर यातले बरेच जण आनंदानी येतात, कारण आपल्याशी खरं बोललं गेलं हे त्यांच्या लक्षात राहिलेलं असतं. महिनाभर गप्प बसून मग एकदम ‘उद्या येऊन भेटा’ म्हटलं तर मात्र कोण येईल.

तुम्ही कायद्याचंही विचारलंय. खाजगी कंपनीनी इंटरव्ह्यूनंतर कळवलंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. सरकारी भरती असेल तर माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो, त्याला ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं, पण तळेगावच्या खाजगी कंपनीला ते लागू नाही. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये मात्र १ जानेवारी २०२६ पासून नियम आलाय की २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीनी जाहिरात देऊन जागा भरायला घेतली असेल, तर इंटरव्ह्यू घेतलेल्या माणसाला शेवटच्या इंटरव्ह्यूपासून ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते कळवायचं. माझ्या मते ४५ दिवस फारच झाले, पण निदान कुणीतरी हे कंपनीचं काम आहे असं कागदावर लिहिलं. आपल्याकडे तसं काही होईपर्यंत हे एकेका एचआरवाल्याच्या शहाणपणावरच आहे.

आता तुम्ही काय करायचं. रोज फोन करणं बंद करा, त्यानी उत्तर लवकर येत नाही, तुमचा नंबर बघून कट करायची सवय मात्र लागते त्यांना. व्हॉट्सॅपही नको. एक मेल लिहा, एचआरला, आणि प्लांट हेडचा आयडी इंटरव्ह्यूच्या मेलमध्ये असेल तर त्यांना सीसीत ठेवा. त्यांना बऱ्याचदा माहीतच नसतं की तुम्हाला कळवलेलं नाही, आणि वरून एक शब्द आला की एचआर हलतं. मेलमध्ये तक्रार नको, विनवणीही नको. शेवटचा इंटरव्ह्यू कुठल्या तारखेला झाला, कोण होतं, मला अजूनही या कामात रस आहे, माझा नोटीस पिरियड इतका आहे, आणि निर्णय झाला असेल तर तो काहीही असो कृपया अमुक तारखेपर्यंत कळवा म्हणजे मला पुढचं ठरवता येईल. सहा ओळींच्या वर जाऊ देऊ नका. ‘काहीही असो’ हे आवर्जून लिहा, त्यानी समोरच्याला नाही सांगायला सोपं जातं.

तारीख सात दिवसांनंतरची द्या. त्या तारखेला उत्तर नाही आलं तर ती कंपनी मनातून काढून टाका, अर्जांची वही ठेवत असाल तर तिथे ‘बंद’ लिहा. नंतर त्यांचा फोन आलाच तर तेव्हाचं तेव्हा बघता येईल. आईला आज सांगायचं असेल तर ‘मी मेल टाकलाय, एवढ्या तारखेपर्यंत कळेल, नाहीतर मी दुसरीकडे बघतोय’ एवढं सांगा, तिलाही रोज विचारावं लागणार नाही.

पुढच्या इंटरव्ह्यूला उठायच्या आधी तिथेच विचारून घ्या की किती दिवसात कळेल, कोण कळवेल, आणि त्या दिवशी नाही कळलं तर मी कुणाला मेल करू. न बिचकता विचारा, यात उद्धटपणा काही नाही, चांगला इंटरव्ह्यू घेणारा उलट खूश होतो. आणि उद्या तुमच्याच हातात दोन ऑफरी आल्या तर ज्यांच्याकडे जाणार नाही त्यांना त्याच दिवशी कळवा, कारण तिकडे तुमच्यासारखाच कुणीतरी होल्डवर बसलेला असतो.

मेल मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास टाका. सोमवारी सकाळी त्यांच्याकडे प्रॉडक्शन मीटिंग असते, त्यात तो दबून जाईल. आणि सीएमएमचं प्रोग्रॅमिंग येत असेल तर तुमचा सीव्ही मला इथे मेसेजमध्ये पाठवा, रांजणगावला एक जागा आहे माझ्याकडे. हो किंवा नाही, शुक्रवारपर्यंत सांगेन.